वीस अंशांची खोली

१

नानासाहेबांच्या चोवीसच्या चोवीस सिगारींना भोकं पडली होती. टाचणीनं टोचल्यासारखी, बारीक आणि गोल. एकीवरून तांबूस रंगाचा टोका चालला होता, धान्यात होतो तसलाच किडा, आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

“नीट बघ, केशव,” नानासाहेब म्हणाले, “आणि मला एकच सांग. एसी बिघडला होता का नव्हता?”

मी एसी आणि फ्रिज दुरुस्त करतो. आजोबा निजामाच्या राज्यात मुन्शी, वडील तहसील कचेरीत कारकून आणि मी, केशव धारूरकर, गारखेड्यातल्या आठ बाय दहाच्या दुकानात कॉम्प्रेसर उघडून बसलेला. आमच्या भाऊबंदांना हे अजून पचलेलं नाही. पण २०१६च्या मे महिन्यात शहरात मला जो मान होता तो भल्याभल्या साहेबांना नव्हता. धरणाचा नाथसागर तळाला गेलेला, नळाला चौथ्या दिवशी पाणी, पारा त्रेचाळीसवर. लोक देवाचं नाव एकदा घेत आणि मला फोन तीनदा करत.

नानासाहेबांचा बंगला बन्सीलालनगरात आहे. शेजारचे दोन बंगले पाडून तिथं सात मजली इमारत उठली, तिच्या बोअरनं यांची बोअर कोरडी केली, आणि आता या घरालाही टँकर लागतो. बंगल्यात एक लहानशी बिनखिडकीची खोली आहे, पूर्वी कोठी होती. तिच्यात एक लाकडी पेटी असते. नानासाहेब तिला ह्युमिडॉर म्हणतात, बाकी सगळे सिगारपेटी.

सिगार म्हणजे गुंडाळलेली तंबाखूची पानं. वाळली तर चुरा होतो, फार ओलावली तर बुरशी धरते, आणि पंचवीस अंशांच्या वर तापली तर पानांतली किड्यांची अंडी फुटतात. म्हणून पेटीत ओल्या स्पंजची डबी आणि ओलावा दाखवणारा काटा, आणि खोलीला मी बसवलेला एसी. मार्च ते जून, रात्रंदिवस वीस अंशांवर. स्पंजला टँकरचं पाणी चालत नाही, पांढरे क्षार बसतात. त्याला बॅटरीचं पाणी लागतं, आपण इन्व्हर्टरमध्ये घालतो ते.

एवढा थाट कशासाठी? ओढण्यासाठी नाही. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच नानासाहेबांची सिगार सोडवली. ते दर रविवारी पेटी उघडतात, एक सिगार नाकाशी धरतात आणि परत ठेवतात. वाळूजचा कारखाना त्यांनी हॉलंडच्या यान नावाच्या इंजिनिअरबरोबर उभा केला. यान दरवर्षी सिगारींचं एक खोकं धाडायचा. नानासाहेबांच्या मुलाच्या, विश्वजितच्या लग्नाला आला तेव्हा दोन आणली, पंचवीस-पंचवीसची, तीच शेवटची. एक मित्राला, एक नवरदेवाला. नवरदेवाचं पहिल्याच वर्षी संपलं म्हणे. दोन वर्षांपूर्वी यान गेल्याची तार नव्हे, ईमेल आला, त्या दिवशी नानासाहेबांनी डॉक्टरांना न विचारता एक सिगार ओढली. उरल्या चोवीस. आता त्या पाठवणारा कुणी नाही.

आणि या पेटीची सगळी बडदास्त बद्रीनाथकडं. लासूर स्टेशनचा माणूस, साठी उलटलेली, बायको वारलेली, बावीस वर्षं या घरात. मागच्या आवारातल्या खोलीत राहायचा. आत्ता तो दाराशी उभा होता, हात मागं बांधून.

“मी बारा दिवस पुण्याला डोळ्याच्या ऑपरेशनला,” काळा चष्मा सावरत नानासाहेब म्हणाले. “काल संध्याकाळी परत आलो, आज पेटी उघडली तर हे. यानं एसी बंद ठेवला. बद्री, सहाच्या आत खोली रिकामी कर.”

“बाबा, जाऊ द्या ना,” विश्वजित म्हणाला. “ऊन तरी किती आहे यंदा. उन्हानं झालं असेल.”

“उन्हासाठीच तर माणूस ठेवलाय.”

सगळे माझ्याकडं बघू लागले आणि माझ्या लक्षात आलं की माझी गोची झालीय. एसी चांगला असेल तर बद्रीनाथ जाणार. बिघडला असेल तर तो मी बसवलेला, मार्चमध्ये मीच सर्व्हिस केलेला. दोघांपैकी एकजण नालायक ठरणार होता, आणि कोण ते मीच सांगायचं होतं.

२

एसी ठणठणीत होता. गॅस बरोबर, जाळी स्वच्छ, हवा वीस अंशांची. मला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. माझी सुटका म्हणजे त्या म्हाताऱ्याची गठडी.

पण आज एसी चालतोय म्हणजे बारा दिवस चालत होता असं नाही, आणि बंद होता असंही नाही. मी घराच्या मागं गेलो. एसीच्या पाण्याची नळी जिथं उतरते तिथं बादली ठेवलेली होती. दुष्काळात शहरभर अशा बादल्या होत्या. स्वयंपाकाच्या द्वारकाबाई तिथंच फडकं पिळत होत्या.

“हे पाणी तुम्ही वापरता?”

“व्हय तर. त्याच पान्यानं फरशी पुसती मी. टँकरचं पानी फरशीला द्यायचं म्हनलं की जीवावर येतं.”

“नानासाहेब नव्हते तेव्हा पडत होतं?”

“रोज चार-पाच तांबे. कोरडं ऊन हाय, जास्ती पडत नाय. पन एक दिस खाडा नाय बघा. खाडा झाला असता तर फरशी तशीच राहिली असती, आन् सूनबाई, स्वरदाताई, पुण्याहून आल्या-आल्या बोलल्या असत्या मला.”

माझं काम झालं होतं. एसी थंड झाल्याशिवाय थेंब पडत नाही. बाराही दिवस पाणी पडलं, म्हणजे बाराही दिवस खोली गार होती. मी बिघाड केला नव्हता आणि बद्रीनाथनं आळस केला नव्हता. मी जवळजवळ पळतच आत गेलो आणि नानासाहेबांना ही आनंदाची बातमी दिली.

नानासाहेब खुश झाले नाहीत. “मग किडे कुठून आले? आभाळातून?”

सून स्वरदा तिथंच होती. ती ऑपरेशनसाठी सासऱ्यांबरोबर पुण्याला गेली होती. तेवढ्यात द्वारकाबाई चहा घेऊन आल्या, उघड्या पेटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “बया! टोकेच की. पन मग पीठ कुठंय?”

“कसलं पीठ?”

“टोके लागले की खाली पीठ पडतं. ज्वारी असो नायतर डाळ. चाळनीत बघा, दाना वरी अन् पीठ खाली. इथं तर काहीच नाय.”

मी पेटी उचलून उजेडात आणली. द्वारकाबाईंचं बरोबर होतं. चोवीस सिगारी पोखरून चाळण झालेल्या, आणि खालचं देवदाराचं लाकूड पुसून घेतल्यासारखं स्वच्छ. चिमूटभर भुसा नव्हता. लाकडाला एक भोक नव्हतं. या सिगारी या पेटीत किडल्याच नव्हत्या. कुठंतरी दुसरीकडं किडल्या आणि मग आणून इथं मांडल्या.

मी हे सगळं मोठ्यानं बोललो. कधीकधी माझी जीभ माझ्या आधी घराबाहेर पडते.

“म्हणजे कुणीतरी बदलल्या,” स्वरदा म्हणाली.

“माझ्या सिगारी चोरल्या,” नानासाहेब सावकाश म्हणाले, “आणि कचरा ठेवला. पेटीला चाव्या दोनच. एक माझ्याबरोबर पुण्याला होती. दुसरी बद्रीकडं.”

मी त्याला वाचवायला गेलो होतो. सकाळी तो आळशी ठरला होता, आता माझ्या कृपेनं चोर ठरला.

३

माझ्या घरचे मला हट्टी म्हणतात. पाठीमागं त्याहून वाईट शब्द वापरतात. पण त्या दिवशी मी ठरवलं की हे मी घातलंय तर मीच निस्तरणार, आणि दुकानाचं शटर दिवसभर बंद राहिलं तरी चालेल. गारखेड्यातून फोनवर फोन येत होते. मी फोन बंद केला.

आधी स्वरदाला गाठलं.

“बद्रीकाका असं करतील असं वाटत नाही हो,” ती म्हणाली. “पण एकदा ते म्हणाले होते, माणसांना पंखा नाही आणि विड्यांना एसी. सगळे हसलो होतो. आज सकाळी ते माझ्याच तोंडून बाबांसमोर निघालं. मी बोलायला नको होतं.”

“दुसरी चावी बद्रीनाथच्या कमरेला असते का?”

“छे. स्वयंपाकघरात खिळ्याला. बाबांना माहीत नाही. त्यांना वाटतं, काका गळ्यात घालून हिंडतात.”

म्हणजे चावी घरातल्या कुणाच्याही हाताला लागत होती. स्वरदा बारा दिवस पुण्यात. घरात उरले बद्रीनाथ, द्वारकाबाई आणि विश्वजित. द्वारकाबाई चोर असत्या तर पिठाचं बोलल्याच नसत्या. त्यांच्यामुळं तर अदलाबदल उघडी पडली.

बद्रीनाथ त्याच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत कपडे भरत होता. खोली म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. आत कढई तापावी तसं तापलं होतं. वीस अंशांच्या खोलीची राखण करणारा माणूस इथं झोपायचा.

“बद्रीनाथ, मला खरं सांगा.”

“मी घेतलं नाय. बस.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“स्पंजला पाणी शेवटचं कधी घातलंत?”

तो घडी करता करता थांबला. “काल सकाळी. नानासाहेब येनार होते म्हनून.”

ते खरं होतं. मी स्पंज दाबून बघितला होता, चिंब होता. आणि बोलता बोलता मलाच उमगलं. स्पंजची डबी पेटीच्या आत असते. पाणी घालायला झाकण उघडावं लागतं.

“म्हणजे काल सकाळी तुम्ही भोकं बघितलीत,” मी म्हणालो. “आणि दिवसभर कुणाला सांगितलं नाही.”

त्यानं सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी केली. “कुठं जाणार तुम्ही?” मी विचारलं.

“दीपमालाकडं. लेक हाय माझी, तुमच्या गारखेड्यात. एकच खोली हाय त्यांची, चौघं राहत्यात. बघू.” मग तो माझ्या जवळ आला आणि खाली बघत म्हणाला, “केशवराव, तुम्ही असं करा ना. मशीन बिघडलं होतं म्हनून सांगा. गॅस कमी झाला होता म्हना. तुम्हाला कोन काय बोलनार नाय.”

“आणि पिठाचं काय?”

“मिस्त्रीनं सांगितलं की लोक ऐकत्यात.”

मी डोकं खाजवत फाटकाकडं निघालो. तिथं विश्वजित गाडीला टेकून उभा होता. तिशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, आणि घाम मात्र माझ्याइतकाच.

“केशवराव, एक करा,” तो म्हणाला. “बाबांना सांगा, परत तपासलं, गॅस कमी झाला होता. मशीन आहे, होतं असं. बद्रीकाका राहतील. आणि आपल्या कारखान्यात अकरा एसी आहेत, यापुढं त्यांचं सगळं काम तुमचं.”

पाच मिनिटांत दोन माणसांनी मला एकच खोटं बोलायला सांगितलं होतं. एकानं हात जोडून आणि दुसऱ्यानं अकरा एसी दाखवून. खोटं बोललो असतो तर सगळ्यांचं भलं होतं, माझंसुद्धा. वाईट एवढंच होतं की एसी बिघडलेला नव्हता.

४

मी परत त्या गार खोलीत जाऊन बसलो. बाहेरच्या भट्टीतून आल्यावर तिथं डोकं चालायला लागतं, हे खरं.

बद्रीनाथ कुणाला तरी पाठीशी घालत होता. चोराला पाठीशी घालायला माणूस आपली बावीस वर्षं फुकट घालवत नाही. जीव लावलेल्या माणसासाठीच घालवतो. विश्वजितला त्यानं आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून शाळेत सोडलं होतं. पण एवढ्यावर मी कुणाच्या मुलाला चोर म्हणू शकत नव्हतो.

मी एक सिगार उचलली आणि नाकाशी धरली. मला सिगारीतलं काही कळत नाही. तंबाखूचा वास येईल, लाकडाचा येईल असं वाटलं होतं. ते दोन्ही आले, पण त्यांच्या मागून स्वयंपाकघराचा वास आला. मी नखानं सिगारीची कागदी पट्टी खरवडली. नखात पिवळं आलं.

“द्वारकाबाई,” मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, “हळद कुठं ठेवता?”

“माळ्यावर. पाडव्याच्या आधी हळकुंडं आनली होती वर्षाची. पन यंदा काय सांगू, त्याला लई टोके लागले. महिना झाला, मी म्हनती उतरवा खाली, उन्हात घाला. कोन उतरवनार? माझे गुडघे, बद्रीभाऊंची कंबर.”

“मग माळ्यावर कुणीच चढत नाही?”

“विश्वजितदादा चढले होते की. बुधवारी. कपाटामागची शिडी काढली. मी म्हनलं, हळदीचा डबा पन द्या खाली, तर म्हनले नंतर, मला ब्याग काढायचीय.”

आज शुक्रवार. बुधवार म्हणजे परवा.

शिडी मीच लावली. माळ्यावर उभं राहता येत नव्हतं, आणि उष्णता अशी की श्वास घेताना विचार करावा लागे. हळकुंडांचा डबा झाकण वाकलेला, कडेनं टोक्यांची ये-जा चालू. डब्याला लागून धुळीत एक चौकोन कोरा होता, बरोब्बर सिगारीच्या खोक्याएवढा. आणि त्या चौकोनाच्या कडेला ते पडलं होतं जे सकाळपासून आम्हाला सापडत नव्हतं. तपकिरी पीठ. चांगलं वाटीभर.

मोबाइलच्या उजेडात मी डब्याच्या मागं हात घातला. बोटांना काहीतरी लागलं. तीच कागदी पट्टी, तीच भोकं. एक सिगार, घरंगळून राहिलेली.

मी खाली उतरलो तेव्हा विश्वजित स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. माझ्या हातात काय आहे ते त्याला दिसलं.

“पाच वाजेपर्यंत तुम्ही सांगा,” मी म्हणालो. “नाहीतर मी सांगतो.”

“केशवराव, तुम्हाला माहीत नाही, कारखान्याचं काय चाललंय…”

“मला एसीतलं कळतं. पाच वाजेपर्यंत.”

पाच वाजले. नानासाहेबांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. विश्वजित आला, खुर्चीत बसला, आणि त्यानं तोंड उघडलं नाही.

५

“बद्री कुठंय?” नानासाहेबांनी विचारलं.

“सामान बांधतोय,” मी म्हणालो. “तुम्हीच सांगितलं होतं.”

मग मी सुरुवात केली. एसी बारा दिवस चालला, बादलीनं सांगितलं. सिगारी इथं किडल्या नाहीत, कारण पेटीत पीठ नाही. पीठ स्वयंपाकघराच्या माळ्यावर आहे, हळदीच्या डब्याशेजारी, म्हणजे किडलेल्या सिगारी तिथं होत्या.

“बद्रीनं वर ठेवल्या असतील.”

“चांगल्या सिगारी वर नेऊन किडवायच्या आणि परत आणायच्या? त्यात चोरी ती काय? आणि दोन-चार दिवसांत एवढी चाळण होत नाही, नानासाहेब. टोक्याला अंड्यातून मोठं व्हायलाच महिना लागतो. महिन्यापूर्वी तुम्ही इथंच होता आणि दर रविवारी पेटी उघडत होता. वास घ्या ना एकदा.”

मी पेटी त्यांच्यापुढं धरली. नजर अजून नीट बसली नव्हती, पण त्यांच्या नाकानं या सिगारी तीन वर्षं फक्त हुंगल्या होत्या. त्यांनी एक उचलली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

“हळद,” ते म्हणाले. “सकाळी रागात लक्षातच आलं नाही. या माझ्या नाहीत.”

“नाहीत. यानसाहेबांच्या खोक्यात पंचवीस असतात. तुमच्या चोवीस, म्हणून पेटीत चोवीसच मांडल्या. एक जास्तीची होती, ती गडबडीत माळ्यावर घरंगळली.” मी ती खिशातून काढून टेबलावर ठेवली. “ही पंचविसावी.”

“माझी पंचविसावी मी ओढली,” नानासाहेब म्हणाले. त्यांनी टेबलावरची सिगार बोटांनी चाचपली. “म्हणजे दुसरं खोकं. यानची दोनच खोकी या घरात एकदम आली होती.”

त्यांनी मुलाकडं तोंड वळवलं.

“संपलं नव्हतं,” विश्वजित म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. “मला तो वासच सोसत नाही, बाबा. यानकाकांना आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून संपलं म्हणालो. लग्नानंतर बद्रीकाकांनीच माळ्यावर ठेवलं होतं. बुधवारी चाकणच्या कंपनीचे खरेदीचे साहेब आले होते. कारखान्याचं पाणी कापलंय, तिसरी पाळी बंद आहे, ऑर्डर परत न्यायला निघाले होते. बोलता बोलता म्हणाले, सिगारचा शौक आहे. मी धावत घरी आलो, माझं खोकं काढलं तर हे असं. मग तुमच्या दिल्या.”

“आणि ऑर्डर?”

“राहिली.”

“मागितल्या असत्यास तर…”

“तुम्ही दिल्या नसत्या.”

नानासाहेबांनी ते नाकारलं नाही. “रिकामी पेटी ठेवायचीस. हे नाटक कशाला?”

“रिकामी असती तर तुम्ही चोर शोधला असता. किडलेल्या दिसल्या तर उन्हानं गेल्या म्हणाल असं वाटलं. उन्हाला कोण शिक्षा करणार, बाबा?”

मला तेव्हा त्याचा राग आला आणि कीवही आली. त्याला खरंच तसं वाटलं होतं. उन्हावर ढकललं की कुणाच्या अंगावर येत नाही. बापाच्या घरात उन्हाला अडवायचं काम एका जित्याजागत्या माणसाकडं आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आणि सकाळी ध्यानात आलं, तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

“सकाळी तू इथंच उभा होतास,” नानासाहेब म्हणाले.

“हो.”

“बद्रीला माहीत होतं?”

“काल सकाळी त्यांनी पाणी घालायला पेटी उघडली,” मी म्हणालो. “हळदीचा वास त्यांनाही आला असणार. माळ्यावर खोकं त्यांनीच ठेवलं होतं. कुणाचं ते त्यांना सांगायला नको.”

स्वरदानं पदर डोळ्यांना लावला. विश्वजित उठायला लागला तर नानासाहेबांनी हातानंच त्याला बसवलं. “तू नंतर. आधी मी.”

मागच्या आवारात ऊन अजून पायाला चटके देत होतं. नानासाहेब भिंतीला हात लावत चालले होते, मी मागून. बद्रीनाथ पत्र्याच्या पेटीला दोर बांधत होता. आम्हाला बघून म्हणाला, “झालंच माझं. सहा वाजले नाय अजून.”

“बद्री, विश्वजितनं सगळं सांगितलं.”

बद्रीनाथनं माझ्याकडं असं बघितलं की मी घेतलेल्या सगळ्या मेहनतीचं मला ओझं वाटलं. “कशाला बोलतं केलं त्याला, केशवराव? पोरगं बापापुढं चोर झालं. माझं काय, मी गेलो असतो.”

“चूक झाली माझी,” नानासाहेब म्हणाले. “राहा तू.”

“चूक झाली, व्हय,” बद्रीनाथ म्हणाला. दोराची गाठ त्यानं अजून हातातच धरली होती. “पन तुम्हाला वाटती ती नाय. तुम्ही चोर म्हनले, म्हना. मालक हाय तुम्ही. पन सकाळी तुम्ही मिस्त्रीला बोलवून मशीनला इचारलं. द्वारकाबाईच्या बादलीला इचारलं. बावीस वर्षांत मी कधी खोटं बोललो नाय तुमच्याशी, अन् मला एका शब्दानं इचारलं नाय. डायरेक्ट म्हनले, सहाच्या आत.”

नानासाहेबांनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते औषधाचं होतं की कसलं ते मला ठाऊक नाही.

“विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?”

बद्रीनाथनं हातातली गाठ आवळली. “खोटं,” तो म्हणाला. “दादाचं नाव मी घेतलंच नसतं. पन इचारायला पायजे होतं, नानासाहेब.”

नानासाहेब त्या पत्र्याच्या पेटीवर बसले. चांगले धडधाकट, चार कारखानदारांना गप्प बसवणारे गृहस्थ, पण बसताना पेटीचा पत्रा करकरला आणि ते एकदम चौऱ्याहत्तर वर्षांचे दिसले. वर पत्रा तापलेला होता. त्यांनी मान वर करून त्या पत्र्याकडं बघितलं, बहुधा बावीस वर्षांत पहिल्यांदाच. मला भरून आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

“बद्री,” ते म्हणाले, “काल सकाळी पेटी उघडलीस तेव्हा काय झालं? मला सांग. मी विचारतोय.”

बद्रीनाथ उभाच होता. मग त्यानं दोर सोडला, उंबऱ्यावर बसला, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.